ओसरी चालू आहे

९ जून २०२५, सोमवार

सकाळी चहाबरोबर मोबाईल उघडला तर गट गायब. ‘सर्पदंश मदत, भोर-वेल्हे’. चार वर्षं चालवला, सहाशे अकरा माणसं होती. त्याच्या जागी एकच ओळ: नियमभंगामुळे हा गट बंद करण्यात आला आहे.

भंग कसला, तर वेल्ह्याच्या वरच्या वाडीतली आशा सेविका सुलक्षणा, तिनं काल एका गड्याच्या सुजलेल्या हाताचा फोटो टाकला होता. कुठलं जनावर असेल, एवढंच विचारायला. कंपनीच्या यंत्राला ती मारामारी वाटली. ते बसलंय साता समुद्रांपलीकडे, त्याला काय ठाऊक घोणस चावल्यावर हात कसा होतो.

तक्रार केली. चार मिनिटांत उत्तर आलं, तेही यंत्राचंच. मी एकतीस वर्षं भोरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लाइन बंद पडली की लोक येऊन शिव्या घालायचे, पण घालायला समोर मी तरी असायचो. इथे शिव्या द्यायच्या तर द्यायच्या कुणाला?

खरी काळजी पुढेच आहे. पंधरा-वीस दिवसांत भातलावणी लागेल. वरच्या वाड्यांना मोबाईलची एक काडी रेंज. फोन लागला तर लागतो, पण लिहिलेला निरोप कसाबसा सुटतो. तो गटावर पडायचा आणि ज्याची जीप जवळ तो निघायचा. गेल्या साली नऊ माणसं अशी वेळेत लसीपर्यंत पोचली. आता निरोप पडणार कुठे?

११ जून, बुधवार

पुण्याला प्रद्युम्नला फोन केला. मुलगा संगणकाच्या धंद्यात आहे, तेवढा तरी उपयोग. म्हणाला, “बाबा, असं नेटवर्क घरच्या घरी चालवता येतं. जगात हजारो लोक चालवतात. ज्याचं त्याचं वेगळं, आणि तरी एकमेकांना जोडलेलं. पण माणसं येत नाहीत हो. जिथे माणसं असतात तिथेच माणसं जातात.”

शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. भोरात पहिला पीसीओ लावला तेव्हाही लोक हेच म्हणत होते.

नाव काय ठेवावं यावर दुपारभर डोकं चालवलं. नलू भाजी निवडता निवडता म्हणाली, “घराला ओसरी असते तसंच ना हे? कुणीही यावं, टेकावं.” पुष्कळ विचार करून ‘ओसरी’ हे नाव नक्की केलं. बरं सुचलं.

१६ जून, सोमवार

प्रद्युम्ननं पाठवलेलं यंत्र बसवलं. डब्याएवढं आहे. हॉलमधल्या कपाटात ठेवलं, नलूच्या लोणच्याच्या बरण्या खाली उतरवाव्या लागल्या. इन्व्हर्टर जोडला. पाच वाजता पहिला निरोप लिहिला: ‘ओसरी चालू आहे.’

सभासद दोन. मी आणि नलू. तिचं नाव मीच भरलं.

दर अर्ध्या तासानं डबा हात लावून बघतोय. जरा गरम लागतो.

१९ जून, गुरुवार

एसटीनं नसरापूर, तिथून वेल्हे, तिथून गटातल्या गोरखच्या जीपनं वरची वाडी. सुलक्षणानं कुंडलिकरावांच्या अंगणात दहा-बारा माणसं जमवली होती. मी सगळं समजावून सांगितलं: ही जागा आपली, कुणी दूरवरचा येऊन कुलूप लावणार नाही.

कुंडलिकरावांच्या मंडळी चंद्राबाई चंची सोडून पान लावत बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काका, तिकडल्या त्येच्यावर नातू दिसतो. म्हायारची मानसं दिसत्यात. सोयरिकी कळत्यात. हितं कोन दिसनार? तुमीच?”

सगळे हसले. मीही हसलो, पण बोचलं. कुंडलिकराव मात्र सज्जन. म्हणाले, “तसं नसतंय गं. सायेब आपल्यापायी यवढ्या लांब आल्यात.” आणि सगळ्यांच्या आधी मोबाईल पुढे केला. मी म्हणालो, निरोप इथे टाकायचा, गाडी येणारच. त्यांनी मान डोलावली, “तुमी म्हनताय म्हंजी येनार.”

सात जण झाले. परत येताना सारखं हेच मनात, मी ‘येणारच’ कशाच्या बळावर म्हणालो?

२७ जून, शुक्रवार

चौसष्ट! आठवड्यात सातावरून चौसष्ट. यंत्र न अडखळता चाललं की विश्वास बसतो, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

घरात मात्र शिस्त राहिली नाही. नलू जेवण झालं की जी फोनला चिकटते ती चारपर्यंत. “हां, हिरवं बटन. आता नाव टाक. न्हाई आलं? मोठ्या लेकीला दे बघू.” कुणाशी काय बोलते देव जाणे. आज चहा पाऊण तास उशिरा. मी म्हटलं, जगाशी बोलायचंय तर ओसरीवर लिही, फोन कशाला अडवून ठेवतेस? तर नुसती हसली.

३ जुलै, गुरुवार

आज घंटा लावली. हे काम मात्र कुठल्या कंपनीला जमलं नसतं. निरोपात ठराविक शब्द आला की गोरख धरून चारही जीपवाल्यांच्या मोबाईलवर घंटा मोठ्यानं वाजते, मोबाईल मुका ठेवलेला असला तरी. शब्द मी स्वतः भरले. साप, सर्प, नाग, घोणस, मण्यार, फुरसं, दंश, चावला, चावली. ‘चवला’ असं चुकीचं लिहिलं तरी ओळखेल, तेही शिकवलं.

गोरखला चाचणी म्हणून ‘साप चावला’ पाठवलं. दोन सेकंदांत फोन आला, “काका, म्हस बुजली की माझी!”

फार दिवसांनी पोटभर जेवलो. तिकडच्या यंत्राला जे कळत नाही ते माझ्या कपाटातल्याला कळतं.

८ जुलै, मंगळवार

डोकं फिरलं. सुलक्षणानं त्याच कंपनीवर नवा गट काढलाय. दोन दिवसांत दोनशे ऐंशी माणसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी महिनाभर घसा फोडून एकशे दहापर्यंत आलो आणि हिनं अंगठा दाबला की दोनशे ऐंशी.

फोन केला. म्हणाली, “काका, राग नका धरू. मानसं तिथं आयती हायेत. दोन्ही ठेवू की.”

मी म्हणालो, दोन दगडांवर पाय ठेवणारा मधेच पडतो. निरोप इथे पडला आणि माणूस तिथे बघत बसला तर? आणि उद्या तोही गट बंद झाला की तू काय करणार, ऐन लावणीत? मग म्हणाली, “तुमच्या शब्दावर बंद करते.” संध्याकाळी केला.

बरोबरच केलं मी. एकाच जागी सगळे असले की गोंधळ नाही. तरी तिचा गट खरंच गेला का, ते दोनदा उघडून पाहिलं.

१४ जुलै, सोमवार

एकशे त्रेचाळीस. पण लोक वाटेल ते लिहितात. शेळी हरवली, एसटी आली नाही, सुप्रभात, कुणाच्या नातवाचं बारसं. अशा गर्दीत खरा निरोप बुडायचा. आजपासून नियम: ओसरी फक्त दंशासाठी. बाकीचं दिसलं की मी काढून टाकणार. दुपारपर्यंत एकवीस काढले.

पानशेतला खानावळ चालवणाऱ्या पप्पूचा फोन. त्याच्याकडे जुना संगणक आहे, म्हणतो पानशेतची वेगळी ओसरी करू आणि तुमच्याला जोडू, तुमची लाइट गेली तर आमची चालेल. कल्पना वाईट नाही, पण सध्या नको म्हणालो. किल्ल्या एकाच माणसाच्या हातात असलेल्या बऱ्या.

नलू म्हणाली, “ओसरीवर बसलेल्यांना उठवायला लागलात की हो तुम्ही.” तिला या कामातलं गांभीर्य कळत नाही.

१९ जुलै, शनिवार

हे लिहिलंच पाहिजे, जसं झालं तसं.

चार वाजून बारा मिनिटांनी कुंडलिकरावांचा निरोप आला. ‘आमच्या हिला पान लागलं लवकर या’. घंटा वाजली नाही. मी समोरच बसलो होतो. वाचलं आणि चिडलो. सुपारी लागते, तंबाखू लागते, तसं चंद्राबाईंना पान लागलं असणार, गरगरलं असणार. त्यासाठी जीप बोलावतात! खाली लिहिलं, ‘लिंबूपाणी द्या, पडून राहू द्या. ही जागा फक्त दंशासाठी आहे.’ सव्वाचारला निरोप काढून टाकला. माझी ओळही त्याच्याबरोबरच गेली.

नलू मंडईत गेली होती. पाच वाजता आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, “गोरख पोचला का?”

“कुठे?”

“चंद्राबाईंकडे. निरोप वाचला मी रस्त्यात. घंटा वाजलीच असेल म्हणून फोन केला नाही.”

मी तंबाखूचं सांगितलं. “अहो,” ती म्हणाली, “पान लागणं म्हणजे साप चावणं. नाव घेत नाहीत त्याचं. नाव घेतलं की येतो म्हणतात.”

मी पुण्यात वाढलेला. भोरला येऊन अडतीस वर्षं झाली. हा शब्द कधी कानावरून गेला असेल तर गेला असेल.

पाच वाजून पाच मिनिटांनी नलूनं गोरखला फोन केला. तो दहा मिनिटांत वाडीच्या वाटेला लागला. कुंडलिकराव चंद्राबाईंना घोंगडीत घालून रस्त्याला आणून बसले होते. पन्नास मिनिटं. गाडी येणारच म्हणून.

वेल्ह्याच्या दवाखान्यात लस दिली आणि पुढे पुण्याला हलवलं. घोणस होती. खाचरात चिखलात पाय पडला. हिरड्यांतून रक्त येतंय.



२० जुलै, रविवार

जगली आहे. लघवी बंद झालीय. आज यंत्रावर रक्त साफ करणार. नलू सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली, कुंडलिकरावांच्या सोबतीला दुसरं कोणी नाही.

दुपारी कुंडलिकरावांचा फोन. ते म्हणाले, “सायेब, माफ करा. माझीच चूक. हात चिखलानं भरल्यालं, नीट दाबलं नसंल. निरोप सुटलाच न्हाई बघा. आता बघतोय तर न्हाईच तिथं. तुमचं यंतर तरी काय करनार?”

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “काळजी घ्या.”

२३ जुलै, बुधवार

नलू रोज संध्याकाळी फोन करते. आज किती लघवी झाली, सूज कुठवर आहे, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सविस्तर. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर मूत्रपिंडापर्यंत गेलंच नसतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण बरं झालं असतं. शेवटी नलू एकच शब्द विचारते, “सांगितलंत?”

सांगणार आहे. पण घाई करून चालणार नाही. लोकांना कळलं तर ओसरी रिकामी होईल. घंटा जाईल. उद्या दुसऱ्या कुणाला लागलं तर? एका माणसाच्या चुकीपायी सगळ्या खोऱ्याचं नुकसान का करायचं? हे मी तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर वाटलं आणि तिन्ही वेळा जेवण गेलं नाही.

ओसरीवर कोणी लिहीत नाही. नलू गेल्यापासून नवा सभासदही नाही. बहुतेक पावसामुळे.

२५ जुलै, शुक्रवार

पुण्याला जाऊन आलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.

चंद्राबाई ओळखू येत नव्हत्या, चेहरा एवढा सुजलेला. कुंडलिकरावांनी स्टूल पुसून दिलं. “सायेब आलं गं,” म्हणाले. मग मला बाहेर जिन्यात नेऊन मोबाईल काढला. “येकदा शिकवा मला, कसं दाबायचं त्ये. परत आशी चूक नको व्हाया.” मी त्यांना शिकवलं. त्यांनी माझ्यासमोर तीनदा दाबून दाखवलं. एकदाही चुकलं नाही.

नलू लांबून बघत होती. मी तिच्याकडे न बघता गाडी गाठली.

२७ जुलै, रविवार

वाडीला गेलो, सुलक्षणाकडे. तिला सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, “माजा गट चालू असता तर समद्यांनी वाचलं असतं त्ये. दोनशे ऐंशीतलं कुनीबी समजलं असतं.”

“हो.”

“तुमच्या शब्दावर बंद केला म्या.”

“हो.”

मी किल्ल्या तिच्यापुढे ठेवल्या, म्हणजे पासवर्ड लिहिलेला कागद. म्हटलं, ओसरी बंद करून टाक हवी तर, आणि तुझा गट परत सुरू कर. ती चिडली. “बंद करून काय मिळनार? तिकडं मानसं हायेत, हितं घंटा हाय. आनि तिकडल्यांनी उद्या फिरून कुलूप लावलं मंजी? दोन्ही पायजेत. पप्पूला बी त्याची करू द्या. पन काय काढायचं, काय ठिवायचं, त्ये आमी ठरवनार.”

मग तिनं वही घेतली आणि शब्द सांगितले. पान लागलं. लांबडं. किरडू. जनावर डसलं. मी एकेक लिहून घेतले. इतके शब्द, आणि त्यातला एकही मला सुचला नव्हता.

निघताना ती म्हणाली, “मला सांगितलंत, त्ये झालं. पन मी कुंडलिकदाजी न्हाई.”

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज वाड्यांवर कुणी कुदळ उचलत नाही, विळी धरत नाही. लावणी थांबलेली. सगळे घरी असतील, मोबाईल हातात असतील, म्हणून आजचाच दिवस धरला.

सकाळी नवे शब्द यंत्रात भरले. सुलक्षणाच्या गटात कालपर्यंत चारशे माणसं झाली होती, ओसरीवर एकशे एकोणचाळीस. चार कमी झाली. आकडा बघून आज पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

काढलेला निरोप परत लावायला एक बटण असतं. अकरा वाजता कुंडलिकरावांचा निरोप परत लावला, आणि त्याच्याखाली लिहिलं: ‘हा निरोप १९ जुलैला चार बाराला आला होता. कुंडलिकरावांनी बरोबर दाबला होता. सव्वाचारला मी काढला. मला पान लागणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नाही. श्रीपाद.’

दाबलं आणि डोळे मिटून बसलो.

दोन सेकंदांत फोन वाजला. गोरख. मागे गाडीचं इंजिन. “काका, घंटा झाली! पान लागलं आलंय. गाडी काढली बी म्या. कुठं जाऊ? कुनाला लागलं?”

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शब्द आता यंत्राला ठाऊक होता.

“कुठेच जायचं नाही, गोरख,” मी म्हणालो. “तो आजचा नाही. चंद्राबाईंचा आहे. त्या दिवशी चार बाराला आला होता. मी काढून टाकला.”

इंजिन चालूच होतं. मग बंद झालं.

“चार बाराला?” गोरख म्हणाला. “काका, तवा मी वाडीच्या फाट्यावर च्या पीत व्हतो. तीन किलोमीटरवर. पाचपत्तर तिथंच बसून व्हतो, भाडं न्हाई म्हनून.”

त्यानं उत्तराची वाट बघितली नाही, फोन ठेवला. उरलेल्या तीन जीपवाल्यांचे फोन आले, तिघांना तेच सांगितलं.

मग नलूला लावला. तिनं आज काही विचारलं नाही, मीच म्हणालो, “सगळ्यांना सांगितलं. कुंडलिकराव राहिलेत. त्यांनी मोबाईल बघितला का?”

“नाही. आत होते, तिला भरवत होते.”

“त्यांना दे.”

थोडा वेळ नुसता दवाखान्याचा आवाज येत राहिला. मग कुंडलिकराव आले, आणि मला तोंड उघडायची सवड न देता म्हणाले, “सायेब, बरं झालं तुमीच फोन केला. तुमाला पयलं सांगायचं व्हतं. आज हिनं दोन घास खाल्लं.”